वेडा राघू, वर्ग सात

माणसाच्या आयुष्यात एक क्षण असा येतो की त्यानंतर तो पहिल्यासारखा राहत नाही, असं थोर लोक सांगून गेले आहेत. तपासनिसाच्या आयुष्यात तो क्षण एका मंगळवारी सकाळी सव्वाअकराला आला आणि तो खरोखरच पहिल्यासारखा राहिला नाही, कारण त्याचं नाक सुजून दुप्पट झालं.

नगरपालिकेच्या तक्रार विभागात त्याला नऊ वर्षं झाली होती. वय चौतीस, छत्री काळी, अक्षर वळणदार. तक्रार आली की तीस दिवसांत निकाली काढायची असा नियम होता. नियम सगळ्यांनाच होता, पण तो पाळणारा हा एकटाच. त्याच्या टेबलामागे भिंतीवर एक पाटी होती : ‘प्रलंबित : शून्य’. विभागप्रमुखाची जागा दोन महिन्यांनी रिकामी होणार होती, आणि ही पाटी आपल्याला त्या खुर्चीपर्यंत नेणार याविषयी त्याच्या मनात शंका नव्हती. मनात दुसरंही काही नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

तर सोमवारी एक तक्रार आली. गावाच्या टोकाला राहणाऱ्या एका बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेली :

‘माझ्या घरामागे वेडा राघू फार झाला आहे. ऊन पडलं की येऊन तारेवर बसतो आणि माझ्या पोरींवर टपून असतो. किती उचलून नेल्या याची गणती नाही. काल तर डोळ्यांदेखत एकीला आपटून आपटून मारलं आणि गिळलं. आता माझी राणी उपवर झाली आहे. तिला काही झालं तर सगळा संसार उठेल. तातडीने बंदोबस्त व्हावा.’

आवक कारकुनाला डाव्या डोळ्याने कमी दिसायचं आणि उजव्या डोळ्याने तो शब्दकोडी सोडवायचा. ‘तारेवर’ हा शब्द त्याने ‘तारेत’ असा वाचला. ‘गिळलं’ हा शब्द बाईमाणसाची अतिशयोक्ती म्हणून सोडून दिला. आणि नोंदवहीत नोंद केली : ‘राघू. आडनाव माहीत नाही. वेडा. तारेत असतो. तक्रारदाराच्या मुलींना उपद्रव. वर्ग सात : उपद्रवी व्यक्ती.’

मंगळवारी तपासनीस छत्री घेऊन निघाला. ऊन बेताचं होतं, पाऊस नव्हता, छत्री राघूसाठी होती.

घर शेवटच्या गल्लीत होतं. फाटक उघडं. मागच्या अंगणात लाकडी पेट्या ओळीने मांडलेल्या. माणूस कुणी दिसेना. तपासनीस एका पेटीच्या बरोब्बर पुढ्यात उभा राहिला, काळा कोट घालून, काळी छत्री खांद्याला लावून, आणि खाकरला.

“हलू नका,” कुणीतरी मागून म्हणालं. बाईचा आवाज, आणि अगदी शांत. “तुम्ही त्यांच्या दारात उभे आहात.”

“कुणाच्या?”

उत्तर नाकाच्या शेंड्यावर मिळालं.

पुढच्या काही क्षणांचं वर्णन तपासनिसाने आपल्या अहवालात केलेलं नाही. एवढंच कळतं की तो कडेला ओढला गेला, एका स्टुलावर बसवला गेला, आणि पांढऱ्या जाळीची टोपी मागे सारून एक चेहरा त्याच्या चेहऱ्याच्या इतका जवळ आला की त्या चेहऱ्यावरचा मेणाचा बारीक कण त्याला दिसला.

“हात लावू नका. चिमटीत धरलात तर विष आत जातं. नखाने खरवडायचं असतं… असं.”

नऊ वर्षांत नागरिकांपैकी कुणी तपासनिसाच्या नाकाला हात लावला नव्हता. त्याने डोळे मिटले. मग कर्तव्य आठवून उघडले.

“राघू कुठाय?”

“तुमच्या डोक्यावर.”

त्याने छत्री घट्ट धरली आणि वर पाहिलं.

अंगणावरून विजेची तार गेली होती. तारेवर एक पक्षी बसला होता. चिमणीहून थोडा मोठा, पण चिमणीशी तुलना तिथेच संपली. अंग हिरवं. पण हिरवं म्हणजे काय हिरवं… पाणी पिऊन नुकतंच उजेडात आलेलं पान असावं तसं. डोकं तांब्याच्या भांड्याच्या रंगाचं. गळा निळसर. डोळ्यातून एक काळी रेघ अशी ओढलेली, जशी आरशासमोर बसून, जीभ दातात धरून कुणी काजळ घालावं. आणि शेपटीच्या मधोमध दोन पिसं बाकीच्यांपेक्षा लांब निघालेली, सुईसारखी, केवळ हौसेखातर.

“हा?” तपासनीस म्हणाला.

“हाच. वेडा राघू.”

“म्हणजे… पक्ष्याचं नाव आहे?”

“तुम्हाला काय वाटलं?”

तपासनिसाने नोंदवही मिटली.

तेवढ्यात तो उडाला. उडाला म्हणण्यापेक्षा सुटला. हवेत एक गिरकी, पंख उघडले तेव्हा आतून सोन्याचे निघाले, कट्ट असा बारीक आवाज, आणि तरंगत तरंगत पुन्हा त्याच जागी, त्याच बोटभर तारेवर. चोचीत मधमाशी. तिला त्याने तारेवर डावीकडे आपटलं, उजवीकडे आपटलं, मग तिचं शेपूट तारेवर असं घासलं जसं कुणी बुटाची माती पायपुसण्याला घासावी.

“डंख काढतोय,” ती म्हणाली. “रोज शंभरदा करतो. एकदाही चुकत नाही.”

तपासनिसाच्या स्वतःच्या कामात इतकी सफाई नव्हती, आणि हे त्याने आयुष्यात पहिल्यांदाच मनातल्या मनात कबूल केलं. तोंड उघडं होतं. नाक दुखत होतं. त्याला दोन्हीचं भान नव्हतं.

“मग ह्या… मुली?” बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

“ह्या. अकरा पेट्या. एका पेटीत वीस हजार धरा.”

“आणि राणी?”

“पाचव्या पेटीत. नवीन आहे, कोवळी. पंधरा-वीस दिवसांत आणखी दोन पेट्यांत नव्या राण्या निघतील. राणी आयुष्यात एकदाच लग्नाला बाहेर पडते, भर दुपारी, उंच हवेत. ती परत आली तर पेटी जगते. ह्याने वाटेत टिपली तर पेटी संपली. ह्या पाचव्या पेटीतली गेल्या वर्षी अशीच गेली.” तिने वर तारेकडे पाहिलं. “म्हणून लिहिलं. नाहीतर मला तक्रार करायची हौस नाही.”

घरातून एक म्हातारा आवाज आला, “कोण आलंय गं?”

“नगरपालिकेचे साहेब, आत्या. राघूला पकडायला.”

“छत्रीने?” आत्या म्हणाली.

*

नियमाप्रमाणे तपासनिसाने आठवड्यातून एकदा जागेची पाहणी करायची असते. हा एक दिवसाआड जाऊ लागला. काळा कोट घरी राहिला. पांढरा सदरा आला, कारण माश्या गडद रंगावर चिडतात असं तिने सांगितलं होतं. कार्यालयात हे लोकांच्या लक्षात आलं, पण तपासनीस प्रेमात पडू शकतो ही कल्पनाच कुणाला सुचली नाही. सगळ्यांना वाटलं, बढतीची तयारी आहे.

अंगणामागे नगरपालिकेचीच वाळूची जुनी खाण होती. रस्त्यांसाठी वाळू काढून काढून तिथे दोन पुरुष उंचीचा सरळ उभा कडा तयार झाला होता आणि त्या कड्यात राघूंनी बिळं पाडली होती. एकूण चौदा. हे तिने त्याला दुसऱ्या भेटीत दाखवलं. दोघे पालथे पडून खाणीच्या काठावरून बघत होते. सरकारी पाहणी पालथं पडून करू नये असा नियम नाही, हे त्याने आधी तपासलं होतं.

“एवढ्याशा पायांनी खणतात?”

“हातभर खोल. कधीकधी त्याहून जास्त. दोघं मिळून. एक दमला की दुसरा.”

“कंत्राटदार नाही?”

ती हसली. तपासनिसाने विनोद म्हणून विचारलं नव्हतं, पण ती हसली म्हटल्यावर तो विनोद होता असं त्याने ठरवलं.

समोर एका वाळक्या काटकीवर मादी बसली होती. नर आला. चोचीत माशी, आपटून-घासून तयार केलेली. तो तिच्याजवळ सरकला, अंग ताठ केलं, शेपटीची ती दोन पिसं थरथरली, आणि त्याने माशी पुढे केली. मादीने त्याच्याकडे पाहिलं नाही. दूर कुठेतरी पाहिलं. मग जणू आत्ताच लक्षात आल्यासारखी मान वळवली आणि घेतली.

“स्वतः न खाता देतो?” तपासनीस कुजबुजला.

“देतो. आधी डंख काढून.”

“आणि ती नको म्हणाली तर?”

“तर दुसरी आणायची.” तिने गवताची काडी तोडली. “तुम्ही फार प्रश्न विचारता, साहेब.”

“कामच आहे.”

“हे सगळं अहवालात जाणार?”

“…नाही. हे नाही.”

पुढच्या भेटीत तो आला तेव्हा त्याच्या हातात एक कागद होता. तिच्या तक्रारीची पोच. खरं तर ती टपालाने जाते.

“द्यायला स्वतः आलात?”

“टाचणी होती ह्याला,” तो म्हणाला. “टोचते. काढून आणलीय.”

तिने कागदाकडे पाहिलं. कोपऱ्यात टाचणीची दोन बारीक भोकं. मग दूर कुठेतरी पाहिलं, पेट्यांच्याही पलीकडे. मग जणू आत्ताच लक्षात आल्यासारखा हात पुढे केला आणि घेतला.

खिडकीत मटार सोलत बसलेल्या आत्याने एक शेंग उघडली. “नाक उतरलं वाटतं,” ती मटारांना म्हणाली. “माणूस बरा दिसतो.”

*

तपासनीस प्रामाणिक होता, आणि प्रामाणिक माणसाचा घात नेहमी तोंडाने होतो. बाविसाव्या दिवशी मुख्याधिकारी साहेबांनी सहज विचारलं, “त्या राघूचं काय झालं? सापडला का?” आणि हा म्हणाला, “साहेब, तो पक्षी आहे.”

साहेब बराच वेळ हसले. मग डोळे पुसून कामाला लागले.

“मग वर्ग बदला. वर्ग अकरा, पशुपक्षी. घरटी कुठं आहेत?”

“आपल्या खाणीत.”

“आपल्याच? मग काय अडलंय? तिसाव्या दिवशी, बुधवारी, बुलडोझर तिकडच्याच रस्त्याला आहे. अर्धा तास वळवू, कडा सपाट, फाईल बंद. तुमची पाटी तशीच राहील. आणि ती खुर्ची…” साहेबांनी रिकामी होणाऱ्या खुर्चीच्या दिशेने हनुवटी हलवली. “फक्त वर्गबदलावर तुमची सही लागेल. प्रकरण तुमच्या नावावर आहे.”

तपासनीस ‘हो साहेब’ म्हणाला. नऊ वर्षांची सवय होती, जीभ आपोआप वळली.

मंगळवारी, एकोणतिसाव्या दिवशी, त्याने तिला सांगितलं. त्या दिवशी सकाळीच कड्याला कान लावून तिने त्याला पिल्लांचा आवाज ऐकवला होता. वाळूच्या आतून, खूप लांबून, कुणी बारीक घुंगरू हलवावं तसा.

तिने खाणीच्या दिशेने पाहिलं.

“मी बंदोबस्त म्हटलं होतं,” मग म्हणाली. “कत्तल म्हटलं नव्हतं.”

“नियमात दोन्हीची वेगळी व्याख्या नाही.”

“मी तक्रार मागे घेतली तर?”

“तर बुलडोझर येणार नाही. प्रकरण निकाली.” त्याने छत्रीच्या टोकाने मातीत एक शून्य काढलं. “पाटीही तशीच राहील. सगळं उत्तम होईल. फक्त…”

“फक्त काय?”

“मग मला इकडे यायचं कारण राहत नाही.”

कुणी म्हणेल, कारण कशाला लागतं? चालत यावं, फाटक उघडावं. पण तपासनीस आयुष्यात कागदाशिवाय कुठेही गेलेला नव्हता. शाळेत दाखल्यावर गेला, नोकरीत हुकमावर गेला, दवाखान्यात चिठ्ठीवर. कारण नसताना एखाद्या दारात उभं राहायचं असतं तेव्हा हातांचं काय करायचं असतं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आणि ‘या’ म्हणायला ती तोंड उघडणार, तोच सातव्या पेटीतून आवाज वाढला.

“राणी,” ती म्हणाली, आणि तिचा चेहरा पांढरा झाला. “दुसरी. आजच निघतेय.”

पाचवीची गेल्याच आठवड्यात ढगाळ दुपारी सुखरूप जाऊन आली होती. ढग असले की राघू सुस्त असतो. आज ऊन कडकडीत होतं. तारेवर सहा राघू ओळीत बसले होते, हिरव्या कपड्यातल्या पंचांसारखे.

“किती वेळ लागतो?”

“पंधरा मिनिटं. अर्धा तास. सांगता येत नाही.”

तपासनिसाने छत्री उघडली आणि तारेखाली गेला.

नगरपालिकेच्या इतिहासात बंदोबस्त अनेक झाले, असा झाला नाही. एक जबाबदार अधिकारी भर उन्हात काळी छत्री उघडत, मिटत, उघडत तारेखालून पळत होता. राघू उठायचे, पलीकडे बसायचे. तो पलीकडे पळायचा. घामाने सदरा अंगाला चिकटला. राघू ट्री ट्री ट्री करत त्याच्या डोक्यावरून गिरक्या घेऊ लागले, आणि पळता पळता तो थांबला. सहाही एकदम उन्हात आले होते. पंखांतून ऊन आरपार दिसत होतं. सोनं, तांबं, हिरवं, आणि आकाशाचा निळा, कुठला पक्ष्याचा आणि कुठला आकाशाचा कळेना. त्याला वाटलं, हे इथे रोज होतं. रोज. मी कार्यालयात असतो तेव्हासुद्धा.

“छत्री…” ती ओरडली नाही, नुसती म्हणाली.

उशीर झाला होता. एक राघू सुटला, उंच, पेट्यांच्या वर. कट्ट. परत तारेवर. चोचीत काहीतरी मोठं होतं, कामकरी माशीपेक्षा मोठं.

दोघे बघत राहिले. त्याने ते आपटलं. डावीकडे, उजवीकडे. मग शेजारच्या मादीकडे सरकला, शेपटी थरथरली, आणि दिलं.

ती मातीत बसली. तो तिच्या शेजारी बसला, मिटलेली छत्री मांडीवर घेऊन. माफी कशी मागावी याचा नमुना अर्ज त्याच्याकडे नव्हता. दहा मिनिटं गेली. पंधरा. तिचा हात जमिनीवर होता, त्याचाही. मध्ये बोटभर अंतर होतं, आणि ते कधी मिटलं हे दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

“ती बघा,” ती हळूच म्हणाली.

सातव्या पेटीच्या दारावर एक लांबट, तपकिरी, दमलेली माशी उतरली. दाराशी सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या. ती आत चालत गेली, घाई न करता.

“आली?”

“आली.”

“मग तारेवर तो कोण होता?”

“नर असेल. वऱ्हाडातला.” ती रडत होती की हसत होती ते कळेना. “तसाही नवरदेव लग्न लागताच मरतो त्यांच्यात.”

“लगेच?”

“तिथल्या तिथे.”

तपासनिसाने विचार केला. “तरी जातात?”

“सगळे जातात,” ती म्हणाली. “वेडेच असतात.”

*

बुधवारी अकरा वाजता ती कार्यालयात आली. हातात तक्रार मागे घेत असल्याचा अर्ज होता. रात्री तीनदा लिहून तीनदा फाडलेला, चौथ्यांदा नीट लिहिलेला. पिल्लांच्या जिवापुढे आपलं दुपारचं बोलणं-बसणं काय मोठं, असं तिने स्वतःला समजावलं होतं आणि ते तिला पटलंही होतं.

साहेबांच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं.

“सही का नाही केली?” साहेब विचारत होते.

“वर्ग सातच बरोबर आहे, साहेब.”

“तुम्हीच म्हणालात पक्षी आहे म्हणून.”

“माझी पाहणी अपुरी होती. राघू सापडलेला नाही. शोध चालू आहे.”

“तीस दिवस आज संपतात. प्रलंबित पडेल. तुमची पाटी जाईल. खुर्ची जाईल. अक्कल गहाण ठेवलीत का?”

“हो साहेब,” तपासनीस म्हणाला. ही सवय नव्हती, उत्तर होतं. “वर्ग सातमध्ये व्यक्ती सापडेपर्यंत तपासनिसाने जागेवर जात राहावं असा नियम आहे. मी जात राहीन.”

ती दार ढकलून आत गेली. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.

“तक्रारदार तुम्हीच ना? बरं झालं आलात. एकदा काय ते सांगा. हा राघू माणूस आहे की पक्षी?”

तिने तपासनिसाकडे पाहिलं. त्याच्या हातात छत्री नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

“माणूस आहे,” ती म्हणाली.

“वेडा?”

“पूर्ण.”

“रोज येतो?”

“एक दिवसाआड.”

“आणि तारेत असतो असं नोंदवहीत आहे.”

“आधी नव्हता,” ती म्हणाली. “हल्ली असतो.”

साहेबांनी एकाकडून दुसरीकडे पाहिलं. तेही कधीतरी चौतीस वर्षांचे होते, असं म्हणतात. त्यांनी फाईल मिटली, ‘प्रलंबित’ असा शिक्का मारला आणि बुलडोझरला दुसऱ्या रस्त्याला पाठवा म्हणून फोन केला.

बाहेर व्हरांड्यात तिने मागे घेण्याचा अर्ज चार घड्या करून मुठीत ठेवला. तो भिंतीवरची पाटी काढून काखेत धरून आला. दोघे जिन्याच्या तोंडाशी उभे राहिले.

“उद्या ये,” ती म्हणाली.

महिनाभर ती ‘या साहेब’ म्हणत होती. तपासनिसाने नऊ वर्षांत पानंच्या पानं आदेश वाचले होते, पण ‘या’चा ‘ये’ करणारा एका मात्रेचा आदेश त्याच्या वाचनात आला नव्हता.

“कशासाठी म्हणून लिहू?” त्याने विचारलं.

“लिहू नकोस.”

*

दहाएक दिवसांनी पिल्लं बाहेर आली. संध्याकाळी सगळे राघू तारेवर एकमेकांना खेटून एकाच ओळीत बसायचे, आणि उशिरा आलेला मधेच घुसून जागा करायचा. मग ओळ दोन्ही बाजूंनी एकेक पाऊल सरकायची. खाली बाकावर दोघं बसायची, तशीच. आत्या म्हणायची, “बाकाला दुसरं टोकही आहे.” त्या टोकाला कुणी जायचं नाही.

खुर्ची दुसऱ्याला मिळाली. पाटीची मागची बाजू कोरी होती, ती पाचव्या पेटीला झाकण म्हणून बसली. राघूंनी माश्या खाल्ल्या, पुष्कळ खाल्ल्या, आणि त्याबद्दल कुणी काही लिहिलं नाही. पुढच्या वर्षी दोघांनी नोंदणी कार्यालयात सह्या करून लग्न केलं.

तक्रारदाराच्या नातेवाईकाकडे तिचं प्रकरण ठेवता येत नाही, म्हणून नियमाप्रमाणे फाईल आवक कारकुनाकडे गेली. तो मंगळवारी येतो, चहा पितो, ‘राघू सापडला नाही’ असं लिहितो आणि वर न बघता जातो.